व्हॅलिडिटी अकरावीतच काढा: इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशाचा अनुभव

अकरावी सायन्सला नाव घातलंय, पुढे इंजिनिअरिंगला जायचंय आणि प्रवेश राखीव प्रवर्गातून घ्यायचाय? मग आधी जात पडताळणीचा प्रस्ताव टाका, क्लासची चौकशी त्यानंतर करा. घाबरवायला हे सांगत नाही. माझ्या बाबतीत सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर चांगला होता, कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत हवी ती जागाही लागली होती, आणि ती गेली ती एका कागदापायी. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. मधल्या काळात धाकट्या बहिणीचा प्रवेशही मीच केला, त्यामुळे ही सगळी वाट दोनदा पाहून झाली आहे.

सीईटीबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असतं. फिजिक्स, केमिस्ट्रीचे प्रत्येकी 50 प्रश्न एका गुणाचे, मॅथ्सचे 50 प्रश्न दोन गुणांचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. सीईटीच्या नादात बारावी बोर्डाकडे पाठ फिरवणारी मुलं इथे अडकतात, एवढं ध्यानात ठेवा.

आता माझ्यावर जे बेतलं ते सविस्तर सांगतो.

मी मराठवाड्यातला, तालुक्याच्या गावचा, ओबीसी प्रवर्गातला. जातीचा दाखला शाळेत असतानाच प्रांत कार्यालयातून काढलेला होता. पुष्कळ घरांत असं वाटतं की दाखला आहे म्हणजे झालं. तसं नाही. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण सगळे व्हॅलिडिटी म्हणतो, ते वेगळं. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो खरा आहे की नाही हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते आणि मग व्हॅलिडिटी देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती असते. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेला व्हॅलिडिटी लागतेच.

आमचा प्रस्ताव वेळेत गेला होता. अर्ज ऑनलाइन भरला, प्रिंट काढली, कॉलेजचा सही-शिक्का घेतला, समितीकडे कागद जमा केले, पावती घेतली. घरात सगळे निश्चिंत. कॅपच्या वेळी ती पावती अपलोड केली, स्क्रुटिनी झाली, मेरिट लिस्टमध्ये नाव ओबीसीत आलं आणि पहिल्या फेरीत सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरची जागा लागली. मूळ व्हॅलिडिटी सादर करायची एक शेवटची तारीख होती. ती जवळ आली तरी प्रमाणपत्र येईना, म्हणून वडील आणि मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिक बाईंनी अर्ज क्रमांक टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. अर्जावर कधीचीच त्रुटी लागलेली होती. डिसेंबरपासून. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर त्यांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव होतं, आडनाव नव्हतं. उताऱ्यातली व्यक्ती आणि आमचे आजोबा एकच आहेत याचा पुरावा आणि शपथपत्र द्या, एवढीच मागणी होती.

मग आम्हाला कसं कळलं नाही? अर्ज सायबर कॅफेत भरला होता. ओटीपी पटकन मिळावा म्हणून त्या माणसाने मोबाइल नंबर स्वतःचा टाकला होता आणि ईमेलही त्याचाच. समितीचे मेसेज त्याच्या फोनवर जात होते. त्याच्याकडे रोज असे कितीतरी अर्ज भरले जातात. आमच्या त्रुटीचा मेसेज कुठे वाहून गेला, त्यालाही माहीत नव्हतं. लॉगिनचा पासवर्डसुद्धा आमच्याकडे नव्हता.

त्रुटीची पूर्तता आठवडाभरात झाली. पण तोवर तारीख उलटून गेली, माझी जागा रद्द झाली आणि पुढच्या फेरीला मी खुल्या प्रवर्गात गणला गेलो. त्यात जे मिळालं ते घेतलं: घरापासून लांबचं कॉलेज आणि मेकॅनिकल. व्हॅलिडिटी नंतर हातात आली, तेव्हा प्रवेश संपले होते. तो कागद बघून आई किती रडली ते मला आजही आठवतं.

म्हणून माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची ओळ ही: अर्जावरचा मोबाइल नंबर आणि ईमेल तुमच्या घरातला असला पाहिजे. कॅफेत बसून भरा, हरकत नाही, सगळ्यांकडे कुठे लॅपटॉप असतो. पण त्या माणसाच्या शेजारी बसा, नंबर भरताना स्क्रीनवर बघा, युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या. अर्ज जमा झाला की महिन्यातून दोनदा स्वतः लॉगिन करून स्थिती बघा. मेसेजची वाट बघत बसू नका. पावती म्हणजे फक्त अर्ज पोचल्याची खूण. अर्ज पुढे सरकतोय की अडकलाय, हे ती सांगत नाही. हाच नियम सीईटीच्या अर्जाला, कॅपच्या नोंदणीला आणि शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी अर्जालाही लावा.

आता प्रस्तावाचे कागद. विद्यार्थ्यांचा अर्ज नमुना 16 मध्ये असतो, सोबत वंशावळीचं शपथपत्र नमुना 3 मध्ये आणि आणखी एक शपथपत्र नमुना 17 मध्ये. प्रस्ताव त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जातो जिथून जातीचा दाखला निघाला. लातूरला किंवा पुण्याला शिकायला असाल तरी तिथल्या समितीकडे जाऊन उपयोग नाही. कॉलेजचा सही-शिक्का मात्र जिथे अकरावीला नाव आहे तिथला लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुना पुरावा. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीची, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीची नोंद शोधायची असते. वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकाची, आणि तीत जात लिहिलेली हवी. आजोबा, चुलत आजोबा, आत्याआजी, यांपैकी जो कोणी शाळेत गेला असेल त्याचा प्रवेश-निर्गम उतारा आधी काढा. जुन्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक रजिस्टर काढून देतात. सकाळच्या वेळेत जा आणि घरातलं वडीलधारं माणूस सोबत न्या, कारण नोंद कोणत्या नावाने असेल हे त्यांनाच ठाऊक असतं. आमच्या आजोबांना गावात सगळे एका नावाने ओळखायचे आणि रजिस्टरला नाव दुसरंच होतं. शाळेची नोंद नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, जुनी हक्कनोंद बघा. या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, आमच्या मराठवाड्यात उर्दूतही सापडतात. त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं आणि त्यात दिवस जातात.

उतारा हातात आला की लगेच प्रत्येक कागदावरचं नाव शेजारी ठेवून वाचा. आजोबांचं, वडिलांचं, तुमचं. आडनाव आहे का? एका कागदावर ‘राव’ किंवा ‘बा’ आणि दुसऱ्यावर नाही, असं आहे का? जातीच्या रकान्यात जातच लिहिली आहे की नुसतं ‘हिंदू’? फरक दिसला तर समितीने विचारायच्या आधीच शपथपत्र आणि जोडपुरावा लावून टाका. बहिणीच्या वेळी आम्ही हेच केलं. शिवाय माझी व्हॅलिडिटी होती. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात एकाची व्हॅलिडिटी झाली की पुढच्यांचं काम खूप सोपं होतं. तिचं प्रमाणपत्र बारावीची परीक्षा द्यायच्या आत घरात होतं. चुलत भावंडांपैकी कोणाची झाली असेल तर मोकळेपणाने मागा. भावकीत बोलणं बंद असलं तरी मागा.

दुसरा कागद नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग) या सगळ्यांना तो लागतो. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. इथे तारीख नीट बघायची: ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्याच्या पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत तो वैध पाहिजे. म्हणजे 2026-27 च्या प्रवेशाला 31 मार्च 2027. कितीतरी मुलं मागच्या मार्चला संपलेलं प्रमाणपत्र घेऊन फिरत असतात. आणि जेईईतून एनआयटी वगैरेंसाठीही प्रयत्न करणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढा, राज्याचं तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्यांनी) तर दर वर्षी नवीन काढायचं आहे. एप्रिल उजाडला की सेतूत जा, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पावतीवर स्क्रुटिनी होते आणि मूळ कागदाला मुदत मिळते, असं सीनियर सांगतील. काही वर्षी सरकारने मुदत वाढवूनही दिली आहे. पण तुमच्या वर्षी ती वाढेल, यावर आयुष्याचा निर्णय सोडू नका.

आता कॅपच्या ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचचा पसंतीक्रम भरायच्या अर्जाबद्दल, माझं मत स्पष्ट आहे: पैसे घेऊन यादी बनवून देणाऱ्या सल्लागारांची गरज नाही. मागच्या वर्षांचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते वाचायला अर्धा तास शिकलात की पुरे. तक्त्यात ‘जीओबीसीएच’ असं दिसलं तर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, मधला भाग प्रवर्ग, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. ‘एल’ने सुरू झालं तर मुलींची जागा. शेवटी ‘ओ’ असेल तर होम युनिव्हर्सिटीबाहेरच्यांसाठी आणि ‘एस’ असेल तर राज्यस्तरावरची. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावीच्या कॉलेजवरून, तुमच्या गावावरून नाही. क्लाससाठी दुसऱ्या विभागात नाव घालणाऱ्यांनी हे अकरावीलाच विचारात घ्या. ज्या सल्लागाराकडे माझा मित्र गेला, त्याने त्याला हे एकदाही विचारलं नाही.

आणि क्रम मनापासून लावा. 2025-26 मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. जिथे खरंच चार वर्षं काढायची तयारी आहे तेच वर ठेवा, घरच्यांशी हॉस्टेलचा खर्च आणि प्रवास बोलून. कॉलेज की ब्रँच, या वादात माझा कौल ब्रँचला आहे. इतर सीनियर वेगळं सांगतील, त्यांचंही ऐका.

मुलींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण गावाकडे ती अजून नीट पोचलेली नाही. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हा लाभ नाही. माझ्या बहिणीचं शिक्षण यामुळे सुरळीत चाललंय. फी परवडणार नाही म्हणून मुलीला जवळच्या कॉलेजात बीएस्सीला घालतोय, असं कोणी म्हणालं तर त्यांना ही ओळ वाचून दाखवा.

दलालांबद्दल. समितीच्या कार्यालयाबाहेर ‘आठ दिवसांत काढून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या जातप्रमाणपत्रावर घेतलेला प्रवेशच नाही, मिळालेली पदवीसुद्धा रद्द होते आणि गुन्हा दाखल होतो, असा कायदा आहे. कार्यालयातले लोक सरसकट वाईट नसतात. ज्या बाईंनी आम्हाला स्क्रीन दाखवली, त्यांनीच शपथपत्राचा मजकूर कसा असावा हे कागदावर लिहून दिलं होतं.

तुम्ही आत्ता बारावीत असाल आणि अजून काहीच केलं नसेल, तरी वेळ गेलेली नाही. उद्या शाळेचा उतारा मागायला जा, या महिन्यात प्रस्ताव टाका. आणि निकाल लागून जुलै उजाडला, तरी हातात पावतीसुद्धा नाही, अशी स्थिती असेल तर आशेवर राहू नका: खुल्या प्रवर्गाचा कटऑफ धरून यादी बनवा, घरच्यांना फीचा आकडा आधी सांगा, आणि प्रस्ताव मात्र टाकाच. तुमच्या धाकट्या भावंडांना तो उपयोगी पडेल.