सांधा बदलल्यावर खांदा पुन्हा खेळता करताना

खांद्याचा झिजलेला सांधा बदलला की रात्रीची ठणक बहुतेकांची लवकर ओसरते, आणि घोटाळा तिथेच होतो. दुखणं थांबलं म्हणजे खांदा तयार झाला असं नाही. नेहमीच्या सांधेबदलात आत शिरण्यासाठी खांद्याच्या पुढचा स्नायू सोडवून पुन्हा शिवतात. तो जोड धरायला निदान 6 आठवडे आणि भक्कम व्हायला साधारण 12 आठवडे लागतात. रिव्हर्स सांध्यात गोळा आणि वाटी यांच्या जागा उलट असतात, तिथे हात पाठीमागे गेला की सांधा निखळण्याची भीती. आपला कोणता, हे आधी डिस्चार्ज कार्डावर पाहा.

पहिले 6 आठवडे चहाच्या कपापेक्षा जड काही उचलू नका, खुर्चीला रेटा देऊन उठू नका, शर्ट मागे खोचू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्लिंगमध्ये, म्हणजे हात गळ्यात अडकवायच्या झोळीत, काख घामाने चिघळते. स्लिंग काढा, दुसऱ्या हाताने टेबल धरा, कमरेतून पुढे वाका आणि हात नुसता लोंबू द्या. काख आपोआप मोकळी होते. ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. डॉक्टरांनी लोंबत्या हाताचा व्यायाम सांगितला असेल तर तोही असाच: अंग डोलवायचं, हात मागोमाग येतो. चालणं मात्र बंद करू नका. पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी स्लिंगसकट फेरी मारा.

रबर बँडचे ताकदीचे व्यायाम 12 आठवड्यांनंतर. आरशासमोर हात वर करा. खांदा कानाकडे चढत असेल तर स्नायू अजून कमी पडतोय, वजन वाढवू नका.

सायकल 3 महिन्यांनंतर, हँडल उंच करून, म्हणजे तळहातांवर भार येत नाही. पोहायला 4 महिन्यांच्या आसपास ब्रेस्टस्ट्रोकने सुरुवात करा, फ्रीस्टाइलला 6 महिने थांबा. सूर मारणं नकोच. बॅडमिंटन 6 महिन्यांनी, डबल्समध्ये, जाळीजवळचा खेळ. स्मॅश सोडा. त्या झटक्यांनी वाटीच्या कडेवर पुन्हा पुन्हा भार पडतो आणि ती सैल होत जाते. रिव्हर्सवाल्यांनी कुठलाही खेळ सर्जनला विचारूनच सुरू करावा.

सोलापुरात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच, जड काठी, पेलणाऱ्यांना हे ऐकायला जड जाईल, पण तो आता पेलू नका. काठी कलली की सावरण्याचा सगळा झटका खांद्यावर येतो आणि त्या क्षणी हात सोडता येत नाही. बाराबंदी हा यात्रेचा पोशाख घालून मिरवणुकीत चाला, सरावाला जाऊन पोरांना तोल शिकवा. जाणत्या माणसाची तिथे गरज असतेच.

खेळल्यावरचा ठणका दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिला तर पुढच्या वेळी खेळ निम्मा करा. खांद्यात अचानक 'कट्' होऊन जोर गेला, जखम पाझरू लागली, किंवा बरा झालेला खांदा काही महिन्यांनी विनाकारण आखडू-दुखू लागला, तर मालिश करत बसू नका. हळू वाढणारा जंतुसंसर्ग ताप न येताही असतो. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच लगेच जा.