प्युअर डेटामध्ये तबल्याच्या आवाजावरून फिल्टर चालवताना

मायक्रोफोनमधून येणाऱ्या तबल्याच्या जोरानुसार फिल्टरची कटऑफ वारंवारता (जिथून फिल्टर आवाज कापू लागतो ती) बदलावी, एवढाच प्युअर डेटा या ध्वनी-प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमधील माझ्या पॅचचा (खोके जोडून केलेल्या प्रोग्रामचा) हेतू होता. त्यासाठी 'मेट्रो २०'च्या, म्हणजे दर २० मिलिसेकंदांच्या, ठोक्यावर 'स्नॅपशॉट~' वाचत होतो. पण आकडे कधी धन, कधी ऋण येत आणि फिल्टर अक्षरशः थरथरे. कारण सरळ आहे: 'स्नॅपशॉट~' त्या क्षणीचा एकच नमुना (सिग्नलचे एक मोजमाप) देतो, आणि ध्वनिलहर शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावत असल्यामुळे त्या एका नमुन्यावरून आवाजाचा जोर कळत नाही.

त्याजागी 'एन्व्ह~' बसवला. तो मुळातच १०२४ नमुन्यांच्या खिडकीवर वर्गमध्यमूळ (आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) काढून डेसिबलमध्ये आकडा देतो, आणि तोही आपणहून, दर ५१२ नमुन्यांनी, म्हणजे ४४१०० हर्ट्झला सुमारे ११.६ मिलिसेकंदांनी; त्यामुळे 'मेट्रो' काढूनच टाकता आला. येथे १ या वर्गमध्यमूळाला १०० डेसिबल धरतात, हे ध्यानात न घेतल्यास पुढचे सगळे गणित चुकते. माझ्या खोलीतील शांततेची पातळी वजा करून, उरलेला आकडा 'क्लिप'ने ठरावीक मर्यादेत बांधून आणि एका आकड्यावरून दुसऱ्यावर हळूहळू सरकवणाऱ्या २० मिलिसेकंदांच्या 'लाइन~'मधून नेऊन फिल्टरला दिला, तेव्हा पायऱ्यांची खरखर गेली.

बोलांचे आघात पकडण्यासाठी मात्र 'एन्व्ह~' मला बोथट वाटतो. तेथे सिग्नलचा वर्ग करून 'लॉप~' या लो-पास फिल्टरने गुळगुळीत केला आणि पातळी ओलांडताच इशारा देणाऱ्या 'थ्रेशोल्ड~'ला चालू व बंद होण्याच्या दोन वेगळ्या पातळ्या व पुरेसा विरामकाळ दिला. त्यामुळे एका आघाताचे दोन बँग (इशारे) येणे थांबले.