धुकं कशाचं केलंय, ते आधी बघा

ॲनिमेशन शिकायला निघालेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकू? अकरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी कुडाळहून पुण्याला आले. दीड वर्षाचा कोर्स केला. फीसाठी बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. चेंडू उसळवणं, वॉक सायकल (पात्राचं चालणं), लिपसिंक (ओठ आणि आवाज जुळवणं), रेंडर (कॉम्प्युटरकडून शेवटचं चित्र काढून घेणं), पुन्हा रेंडर, असं सगळं शिकवलं; पण त्या दीड वर्षात वर्गात एक फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी दाखवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. बटणं सगळी पाठ झाली होती. आपल्याला काय करून बघायचंय, ते मात्र सांगता येत नव्हतं.

शेवटच्या महिन्यात खोलीवरच्या मैत्रिणीनं दहा मिनिटांची एक रशियन फिल्म दाखवली, 'योझिक व तुमाने', म्हणजे धुक्यातला हेजहॉग, अंगभर काटे असलेला छोटा प्राणी. युरी नॉर्स्टाइन यांनी ती 1975 साली मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्ममध्ये केली. चित्रं त्यांच्या पत्नी फ्रांचेस्का यारबुसोवा यांची. गोष्ट एवढीशी. एक हेजहॉग रोज संध्याकाळी अस्वलाकडे तारे मोजायला जातो. आज रास्पबेरीचा मुरांबा घेऊन निघालाय. वाटेत धुक्यात त्याला पांढरी घोडी दिसते. ही इथे झोपली तर धुक्यात गुदमरेल का, असा प्रश्न त्याला पडतो आणि बघायला म्हणून तो धुक्यात उतरतो. पुढे काठीनं चाचपडत जाताना एकाएकी अवाढव्य झाड समोर येतं. मी पलंगावर बसल्या बसल्या मागे सरकले होते.

मला वाटलं, धुकं कॉम्प्युटरवर केलंय. मग साल आठवलं, आणि ते कसं केलं ते शोधून वाचलं. नॉर्स्टाइन यांच्या टेबलावर काचांचे थर एकावर एक असत आणि कॅमेरा वरून खाली बघत असे. चित्राचे कापलेले सुटे तुकडे वेगवेगळ्या काचांवर ठेवून एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, टिपायची. धुक्यासाठी अगदी पातळ कागद चित्रावर अंथरायचा आणि फ्रेमगणिक तो थोडाथोडा कॅमेऱ्याकडे उचलत जायचा. बास. एवढ्यावर ती घोडी विरघळत जाते.

हे वाचलं आणि मला पिंगुळी आठवली. आमच्या घरापासून सायकलवर जाण्याइतकी जवळ. तिथल्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ मी लहानपणी पाहिला होता: पडद्यामागे दिवा, दिवा आणि पडदा यांच्यामध्ये बाहुली. बाहुली पडद्याला टेकली की तिच्या अंगावरचं भोक न् भोक दिसतं. तीच दिव्याकडे नेली की सावली मोठी आणि पुसट होते. एखादी गोष्ट लांब गेल्यावर पुसट होते, हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. सॉफ्टवेअरच्या दीड वर्षात त्या ज्ञानाला कुणी हातच लावला नव्हता.

मे महिन्यात मी ते करून बघितलं. पोस्टकार्डावर घोडी काढून कापली. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर मोबाइल आडवा टाकला, बाजूला टेबललॅम्प. घोडीवर बटर पेपर पसरला तेव्हा ती स्वच्छ दिसत होती. कागदाच्या चार कोपऱ्यांखाली एकेक रुपयाचं नाणं ठेवलं, तर कडा मऊ झाल्या. चार-चार नाण्यांना कान गेले, आठ-आठला नुसती छटा उरली. पण नाण्यांचे टप्पे मोठे, त्यामुळे धुकं उड्या मारत येत होतं. मग पत्ते आणले. एक फोटो झाला की चारही कोपऱ्यांत एकेक पत्ता वाढवायचा. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं, म्हणजे सेकंदाला बारा फोटो आणि सहा सेकंदांना बहात्तर. चार कोपरे मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी पत्ते झाले, सहा कॅट लागले. कागद फडफडतो म्हणून पंखा बंद. दुपारभर घामाच्या धारा लागल्या होत्या. पण रात्री ते सहा सेकंद चालवून बघितले तेव्हा ॲनिमेशन म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळलं.

म्हणून नव्यांना मी सांगते की शंभर फिल्म बघू नका. एक छोटी घ्या आणि दहा वेळा बघा. पहिल्यांदा नुसती बघा, वही बाजूला ठेवून. मग आवाज बंद करून. मग पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. निम्मा परिणाम आवाजाचा असतो हे तेव्हाच लक्षात येतं. त्यानंतर फ्रेम-फ्रेमनं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढे सरकते. यूट्यूबवर थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की पुढे, स्वल्पविरामाची दाबली की मागे. एक चित्र किती फ्रेम टिकलं ते मोजा. एक सावधगिरी बाळगा: चोवीस फ्रेमची फिल्म नेटवर बऱ्याचदा पंचवीस किंवा तीसची करून चढवलेली असते, मध्येच एखादी फ्रेम दोनदा येते आणि हिशेब चुकतो. मी एकदा यावरून अख्खी चुकीची टिपणं काढली होती. आणि वहीत हलणाऱ्या गोष्टींबरोबर न हलणाऱ्याही लिहा. तेच जास्त शिकवतं.

न हलणाऱ्याचे गुरू म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचे यिर्झी त्रन्का. 1965 सालचा त्यांचा 'रुका', म्हणजे 'हात', हा लघुपट बघा. एका कुंभाराला आपल्या फुलझाडासाठी कुंडी घडवायची असते, पण एक अजस्र हात येऊन म्हणतो, माझा पुतळा घडव. बाहुलीचा चेहरा पूर्ण वेळ एकच, रंगवलेला. ओठ हलत नाहीत, भुवया हलत नाहीत. तरी ती घाबरते, चिडते, थकते, आणि आपल्याला ते दिसतं. कारण प्रकाश बदलतो, मान कलते, कॅमेरा खाली किंवा वर जातो. त्रन्का गेल्यावर तिथल्या सरकारनं ही फिल्म बंद करून ठेवली. लाकडी बाहुलीला घाबरणारं सरकार, यावरून त्या माध्यमाची ताकद ओळखा. मला याचा उपयोग रोजच्या कामात होतो. बँकेसाठी दोन मिनिटांची माहितीफिल्म करायची, बजेट तुटपुंजं, क्लायंटला चेहऱ्यावर भाव हवेत. अशा वेळी मी चेहऱ्याला हात न लावता मान आणि खांदे हलवते. काम निम्म्या वेळात होतं आणि बरंही दिसतं.

पिंगुळीच्या सावल्या ज्यांना आवडतात त्यांनी जर्मनीच्या लोटे रायनिगर यांचा 1926 सालचा 'प्रिन्स आहमद' चुकवू नये. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत हा सगळ्यांत जुना. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून केलेल्या आकृत्या, सांध्यांना तार, खालून उजळलेली काच आणि वर कॅमेरा. तीन वर्षं लागली. बाईंच्या हातातली कात्री बघायची असेल तर बोटं बघा, पिसं बघा, झाडांची पानं बघा.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर कितीतरी लघुपट फुकट बघता येतात. विद्यार्थ्याला याहून मोठी शिष्यवृत्ती कुठली? तिथे नॉर्मन मॅक्लॅरेन यांच्या 'नेबर्स'पासून (1952) सुरुवात करा. खरी माणसं बाहुल्यांसारखी फ्रेम-फ्रेमनं हलवलीत, आणि आवाजसुद्धा फिल्मच्या ध्वनिपट्टीवर चित्रासारखा उमटवलाय. मग आपल्या गुजरातचे ईशू पटेल यांचा 'बीड गेम' (1977). काळ्या पार्श्वभूमीवर हजारो मणी, एक प्राणी दुसऱ्याला गिळतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रवास जातो थेट अणुबॉम्बपर्यंत. पाठीशी ज्ञानप्रकाश घोष यांचा तबला. मणी हाताशी असताना ब्रश का घेतला नाही, हे फिल्म बघितल्यावर विचारावंसं वाटत नाही.

"हे सगळं जुनं झालं, आता नोकरीला काय उपयोग?" असं विचाराल, तर लॅटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस बघा. 2019 सालचा 'अवे' हा पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांनी एकट्यानं केला, संगीतासकट. पुढे छोट्या टीमबरोबर केलेल्या 'फ्लो'ला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं. तो ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर बनवलाय. ब्लेंडर फुकट आहे, तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर आत्ता उतरवता येतं. 'फ्लो'मध्ये एकही संवाद नाही. त्यातलं मांजर फक्त मांजरासारखं वागतं, आणि ते तसं वागावं म्हणून किती मांजरं बघितली असतील!

शोरीलबद्दल, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या आपल्या कामांच्या छोट्या फिल्मबद्दल, थोडं. माझ्या शोरीलमध्ये कोर्सची कामं होती, सगळ्यांच्यात असतात तीच. अगदी शेवटी ते धुक्याचे सहा सेकंद मी बिचकत टाकले होते. मुलाखत घेणाऱ्यांनी बाकीचं पळवत नेलं आणि तिथे थांबून विचारलं, "हे कशावर केलंस?" मी म्हटलं, "पत्त्यांवर, सर." पुढची वीस मिनिटं आम्ही नॉर्स्टाइनबद्दलच बोललो. काम मिळालं. नेहमी असंच होईल असं नाही; पण स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टीबद्दल बोलताना माणूस अडखळत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

सध्या आमच्याकडे एक ज्युनियर आहे, मिरजेची. कॅरोलिन लीफ यांनी उजळलेल्या काचेवर वाळू पसरून केलेला घुबड आणि हंसिणीचा लघुपट (1974) तिला दाखवला. दुसऱ्या दिवशी ती काचेवर रवा घेऊन बसली. पावसाळी हवेनं रव्याच्या गुठळ्या होत होत्या, बोटाला चिकटत होत्या, घुबडाचा पंख काही होईना. तिसऱ्या दिवशी तिनं घराजवळच्या बांधकामावरून मूठभर वाळू आणली, चहाच्या गाळणीनं चाळली आणि तव्यावर भाजून कोरडी केली. काल संध्याकाळी पंख उघडला. अठरा फ्रेम झाल्यात. आज ती डबा खायलाही उठली नाही.