सेज आणि मॅक्सिमाचं आपसात जमेना झालं की कुठं कुठं बघायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मॅथ्सची पोरं हल्ली सेज हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरतात, फुकट आहे म्हणून, आणि दर सेमिस्टरला तोच प्रश्न येतो, सेज अडकलंय, पुन्हा इन्स्टॉल करू काय? नका करू. जांबोटीसारख्या ठिकाणी बसून ते सगळं डाउनलोड परत ओढायचं म्हणजे रात्र जाते, त्यात पावसाळ्यात लाईट गेली तर झालंच, आणि शेवटी एरर तोच येतो, कारण बहुतेक वेळा सेजही धड असतं आणि सेज आतून वापरतं ते मॅक्सिमा नावाचं दुसरं गणित सॉफ्टवेअरही धड असतं, घोळ असतो तो दोघांच्या मधल्या देवाणघेवाणीत.

थोडं मागचं सांगतो. सेज पायथॉनवर चालतं, विल्यम स्टाईननं 2005 मध्ये काढलं. मॅक्सिमा लिस्प नावाच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, त्याचं मूळ 1960 च्या दशकात एमआयटीत सुरू झालेल्या प्रोजेक्टात. इंटिग्रेशन, लिमिट असलं काम सेज आतल्या आत मॅक्सिमाकडं ढकलतं आणि उत्तर आपल्या भाषेत करून दाखवतं. (खाली कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना इंग्रजीतच करा.)

पहिलं काम, नेमकं दुखतंय कुणाचं ते बघा. टर्मिनलात सेज, स्पेस, दोन डॅश आणि मॅक्सिमा असं मारलं की सेजच्या पोटातलं मॅक्सिमा थेट उघडतं. अडकलेलं गणित तिथं टाका. शेवटी सेमीकोलन द्यायला विसरू नका, नाहीतर ते वाट बघत बसतं आणि आपल्याला वाटतं विचार करालंय. तिथंही तोच एरर आला तर इंटरफेसचा, म्हणजे त्या मधल्या देवाणघेवाणीचा काही दोष नाही. आणि लॅबमधल्या उबुंटूवर वेगळं टाकलेलं मॅक्सिमा असतं, ते हे नव्हे बरं का, दोन्हीकडं बिल्ड_इन्फो() मारून व्हर्जन ताडून बघा, सेजवालं ईसीएल नावाच्या लिस्पवर बांधलेलं असतं.

आता सगळ्यात जास्त सतावणारं. इंटिग्रेट(एक्स^एन, एक्स) दिलं की मॅक्सिमा उलट विचारतं, एन म्हणजे उणे 1 आहे काय? बरोबरच आहे, तसं असेल तर उत्तर लॉग येणार. थेट मॅक्सिमात असाल तर हो-नाही टाईप करता येतं, पण सेजमधून गेलात तर उत्तर द्यायला तिथं कुणीच नसतं, म्हणून सेज व्हॅल्यूएरर देऊन मोकळं होतं. एवढा लांबलचक लाल एरर बघून पोरं घाबरतात आणि वरनं वाचायला लागतात. शेवटची ओळ वाचा, मॅक्सिमाचा प्रश्न तिथंच असतो. मग असूम(एन != -1) द्या, म्हणजे एन उणे 1 नाही असं धरून चाल, आणि परत चालवा, काम झालं की फरगेट() मारा, नाहीतर पुढच्या गणितात तीच अट चिकटून राहते आणि उत्तर का बदललं ते कळत नाही.

एवढं करूनही कधीकधी प्रश्न परत येतो, आणि इथं खरी गोम आहे. सेजमध्ये मॅक्सिमाची दोन वेगवेगळी सेशन चालतात. सेजची स्वतःची कॅल्क्युलसची कामं एका सेशनमध्ये होतात, ते लायब्ररी म्हणून सेजच्या आतच बसलंय, आणि आपण हातानं मॅक्सिमा('...') लिहितो ते दुसऱ्याच प्रोसेसमध्ये जातं. सेजमध्ये दिलेलं असूम पहिल्याला कळतं, दुसऱ्याला पत्ताच नसतो. दुसऱ्याला सांगायचं तर मॅक्सिमा.इव्हॅल मधून वेगळं सांगावं लागतं, आणि तिथं != चालत नाही, नॉटइक्वल(एन, -1) असं लिहायचं. नावांचंही तसंच, सेजचा व्हेरिएबल पलीकडं जाताना नावाच्या पुढं _सेज_वार_ जोडून जातो, म्हणून मॅक्सिमात ए:5 केलं तरी सेजच्या ए ला 5 मिळत नाही. एररमध्ये असलं विचित्र नाव दिसलं तर व्हायरस आलाय असं समजू नका.

मग लिहिण्यातले घोटाळे. मॅक्सिमाला स्ट्रिंगमध्ये साधा पाय (π) दिला तर तो नुसता एक व्हेरिएबल, साईन(पाय) तसंच परत येतं, साईन(%पाय) दिलं की 0. ई आणि आय चं पण तेच, पुढं टक्का लावा. व्हॅल्यू द्यायला कोलन, = म्हणजे नुसतं समीकरण. साध्या पायथॉन फाईलमध्ये सेज इंपोर्ट करून काम करत असाल तर 2^3 चं उत्तर 1 येतं (पायथॉनमध्ये ^ म्हणजे घात नव्हे) आणि 1/3 चं दशांश होतं, पलीकडं तेच जातं, आणि मग मॅक्सिमा रॅट रिप्लेस्ड, म्हणजे दशांशाच्या जागी अपूर्णांक घातला, असं काहीतरी बडबडतं. पीडीएफमधून कॉपी केलेला वजा तर हमखास दगा देतो, दिसतो वजासारखा पण कॅरेक्टर वेगळं असतं, हातानं परत टाईप करा. लिस्टचं एक ध्यानात ठेवा, मॅक्सिमात मोजणी 1 पासून, पण सेजच्या इंटरफेसमधून तीच लिस्ट 0 पासून.

एकदमच अडकलं तर कंट्रोल-सी, नाहीतर मॅक्सिमा.क्विट(). पुढच्या कमांडला नवीन प्रोसेस आपोआप सुरू होते, पण आधीचं सगळं पुसलं जातं, जुना ऑब्जेक्ट वापरायला गेलात तर सेशन चालू नाही म्हणून एरर येणार. म्हणून कमांड फाईलमध्ये लिहून ठेवायची सवय लावा. आणि घाई असेल तर अल्गोरिदम='सिंपाय' (पायथॉनची गणिताची लायब्ररी) देऊन तेच इंटिग्रेशन दुसऱ्या वाटेनं काढून बघा, उत्तर दिसायला वेगळं आलं तर दोन्हीत दोन-तीन वेगवेगळे आकडे घालून फरक घ्या, फरक दरवेळी तोच, म्हणजे कॉन्स्टंट आला तर दोन्ही उत्तरं बहुधा एकच.

तरी सुटलं नाही तर विचारा की, पण एररची शेवटची ओळ, व्हर्जन आणि एकच छोटं गणित टेक्स्टमध्ये पाठवा, स्क्रीनचा तिरका फोटो नको.