दुखापतीनंतर मन खचू नये म्हणून: या चुका टाळा

गुडघ्याच्या वाटीपासून वर 15 सेंटिमीटरवर बॉलपेनने एक रेघ मारायची आणि तिथं शिवणकामाचा टेप गुंडाळायचा. टेप घट्ट आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. ऑपरेशनला सहा आठवडे झाले तेव्हा माझी उजवी मांडी भरली 49.5 सेंटिमीटर आणि डावी 46. आईच्या शिलाई मशीनच्या खणातला तो पिवळा टेप हातात धरून मी बराच वेळ पलंगावर बसून राहिलो होतो. साडेतीन सेंटिमीटर मांडी गेली होती, आणि ती कधी गेली हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

मी जळगावात ज्युदो शिकवतो. वाढलो अमळनेरकडच्या गावात, तालमीतल्या लाल मातीत. जोर-बैठका आधी, मॅट नंतर. रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत) समोरच्याने ओसोतोगारी (पाय मागून झाडून पाडायचा डाव) लावली, माझा पाय मॅटला चिकटून राहिला, अंग फिरलं आणि गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं, हाडं जोडून ठेवणारं एक मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं. पुढच्या वर्षभरात मी ज्या चुका केल्या आणि नंतर माझ्याकडच्या मुलामुलींना करताना पाहिल्या, त्या इथं लिहितोय. कुस्ती, कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, खेळ कुठलाही असो, दुखापतीनंतर माणूस अडखळतो त्या जागा जवळपास सारख्याच असतात.

तालमीचं तोंड बघायचं नाही, असं ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

पहिले दोन महिने मी हॉलकडे फिरकलो नाही. बाकीचे खेळताना बघवणार नाही असं वाटायचं. पहाटे साडेपाचला डोळे सवयीने उघडायचे आणि मग आठ वाजेपर्यंत अंथरुणात फोन. व्यायाम करायचा राहून जायचा, कारण तो "दिवसभरात कधीतरी" करायचा होता. पाहुणे यायचे, प्रत्येकाचा प्रश्न एकच, "आते कसं शे पाय?" (आता कसा आहे पाय?) त्याचं उत्तर देऊन देऊन मी इतका कंटाळलो की कुणी आलं की झोपेचं सोंग घ्यायचो.

मग एका संध्याकाळी गावाकडचे वस्ताद घरी आले. चहा घेतला, पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय गया तुना, डोया ते शेतस ना?" पाय गेला, डोळे तर आहेत ना. दुसऱ्या दिवसापासून मी कुबडी घेऊन हॉलमध्ये जाऊन बसायला लागलो.

ज्युदोत याला नावच आहे, मितोरी-गेइको, म्हणजे बघून केलेला सराव. जपानमध्ये जखमी खेळाडू मॅटच्या कडेला बसतो तो प्रेक्षक म्हणून बसत नाही, तो त्याच्या सरावाचाच भाग असतो. पण नुसतं बघत बसलात तर दहा मिनिटांत मन उदास होतं. काम ठरवून बसा. मी एका दिवशी फक्त एकच गोष्ट पाहायचो: डाव लावण्याच्या आधी कॉलर धरलेला हात नेमका काय करतो? दुसऱ्या दिवशी फक्त पावलं. वही घेऊन बसायचो. तीन आठवड्यांत लक्षात आलं की आमच्याकडची निम्मी मुलं हाताने ओढायच्या आधीच पाय उचलतात, म्हणून त्यांचा डाव अडतो. मीसुद्धा तेच करत होतो. बारा वर्षं खेळून हे मला दिसलं नव्हतं.

वेळ तीच ठेवा, हा दुसरा भाग. तुमची तालीम सहाला असेल तर फिजिओने दिलेला व्यायाम सहालाच, आणि जमलं तर हॉलच्या कोपऱ्यातच करा. एरवीचा टी-शर्ट नको, सरावाचेच कपडे घाला. माणूस मनाने खचतो तो बऱ्याचदा दिवसाची घडी विस्कटल्यामुळे, दुखणं त्या मानाने लवकर अंगवळणी पडतं.

शिकवणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती: जखमी पोराचं नाव हजेरीतून काढू नका. नाव घ्या, "हजर" म्हणू द्या. त्याला उचिकोमीचे (न पाडता पुन्हा पुन्हा डाव घोटण्याचे) आकडे मोजायला लावा, स्टॉपवॉच द्या, लहान मुलांच्या उकेमीवर (सुरक्षित पडण्याच्या सरावावर) नजर ठेवायला सांगा. ज्याचं नाव घेणं बंद होतं तो पोरगा परत येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

विश्रांतीचा अर्थ चुकीचा लावणं

डॉक्टर "आराम करा" म्हणतात आणि घरोघरी त्याचे दोन उलटे अर्थ निघतात.

एक म्हणजे पूर्ण पलंग. पायाला हात लावू नका, उठू नका, सगळं हातात आणून देऊ. प्रेमापोटीच करतात घरचे. पण गुडघ्याला सूज असली की मांडीचा स्नायू मुळातच नीट आवळला जात नाही, आणि वापर थांबला की तो भराभर उतरतो. म्हणून फिजिओने परवानगी दिली की पहिल्या दिवसांपासून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. दिसायला काहीच नाही, पण मांडी जागी राहते ती त्यानेच. दुसरं असं की चांगल्या बाजूचा व्यायाम चालू ठेवला तर जखमी बाजूची ताकदही काही प्रमाणात टिकते, कारण ताकदीचा बराच भाग मेंदू आणि नसांच्या हुकमावर चालतो. डावा हात प्लास्टरमध्ये असला तरी उजव्याने काम करत राहा.

दुसरा अर्थ आपल्या भागात जास्त दिसतो. तालीम बंद म्हणजे आराम झाला, अशी समजूत. माझ्याकडे रावेर तालुक्यातला एक मुलगा होता, गुडघ्यातलं लिगामेंट अर्धवट फाटलेलं. दोन महिने मॅटवर पाय ठेवला नाही, तरी सूज काही उतरेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं की घरच्या केळीची काढणी चालू होती आणि हा रोज घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत नेत होता. एक घड सहज 20-25 किलोचा, खाली ओली माती, पाय सरकणार. वर मोटारसायकल किक मारून चालू करायचा, तीही दुखऱ्याच पायाने. त्याच्या हिशोबात यातलं काहीच व्यायामात धरलेलं नव्हतं.

फिजिओकडे जाल तेव्हा दिवसभरात काय काय करता ते सगळं सांगा. कापूस वेचताना वाकणं, उकिडवं बसून निंदणी, मांडी घालून जेवण, भारतीय पद्धतीचा संडास, पाण्याचे हंडे. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

"बरा कधी होणार?" एवढाच प्रश्न धरून बसणं

या प्रश्नाचं उत्तर नऊ महिन्यांनी मिळणार असेल, तर मधल्या 270 दिवसांत रोज "अजून नाही" हेच ऐकायला मिळतं. कुणाचंही मन त्यात मोडेल. आखाड्यात आपल्याला रोज काहीतरी मोजायची सवय असते: किती जोर, किती बैठका, किती वेळा चीतपट केलं. दुखापतीत ते माप हरवतं. ते परत आणा.

टेप त्यासाठी. दर रविवारी सकाळी, एकाच जागी, दोन्ही मांड्या मोजा आणि वहीत लिहा. गुडघा किती वाकतो ते टाच आणि बसण्याच्या जागेमधलं अंतर बोटांनी मोजून लिहा. एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं तेही लिहा. घोटा मुरगळला असेल तर हे तोल सांभाळणं खास महत्त्वाचं, तोच घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून हाच व्यायाम कामी येतो.

मांडीचा आकडा आठवड्याला दोन मिलिमीटरने हलतो, कधी हलतही नाही. माझा आठव्या ते बाराव्या आठवड्यात जागचा हलला नाही. अशा वेळी बहुतेक जण एकतर सोडून देतात नाहीतर व्यायाम दुप्पट करतात. दोन्ही करू नका. व्यायामाचा प्रकार किंवा वजन बदलायची वेळ झालेली असू शकते, वही घेऊन फिजिओकडे जा.

व्यायामानंतर दुखलं तर घाबरायचं किती? मला शिकवलेला हिशोब सोपा होता. दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. तीनपर्यंत चालेल. त्याहून वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त सूज किंवा आखडलेपणा असेल, तर काल जास्त झालं. एक दिवस कमी करा आणि मागच्या पातळीवरून पुन्हा सुरू करा. गुडघा अडकायला लागला, मध्येच सटकला, पोटरी गरम होऊन सुजली किंवा ताप आला, तर हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा दुपारी व्यायाम करू नका. ब्रेसच्या (गुडघ्याला बांधायच्या आधारपट्ट्याच्या) आत घामाने कातडी सोलवटते आणि मग चार दिवस ब्रेसच घालता येत नाही.

यात्रेची तारीख बघून परतणं

चैत्र-वैशाखात गावोगावी यात्रा, यात्रेत कुस्त्यांची दंगल, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे गावी आलेले. "एवढी दंगल खेळतो, मग आराम करतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि एकदा स्वतःही बोललोय. पाचव्या महिन्यात उतरलो. दुखत नव्हतं, पळता येत होतं. दुसऱ्या पकडीतच गुडघा सटकला आणि रात्री नारळाएवढा झाला. नशिबाने नवं लिगामेंट वाचलं, पण दोन महिने मागे गेलो.

इथं शरीराची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ऑपरेशनमध्ये बसवलेला दोर, म्हणजे मांडीमागून घेतलेली स्नायूची शीर (टेंडन), बसवली की लगेच पक्की होत नाही. पहिल्या काही महिन्यांत शरीर ती आतून नव्याने बांधत असतं आणि त्या काळात ती उलट कमजोर असते. दुखणं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थांबलेलं असतं. "दुखत नाही" आणि "तयार आहे" यांच्यात हे एवढं अंतर असतं. एसीएलच्या ऑपरेशननंतर पकडीच्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतू नये असं आता सांगतात, तेही जखमी पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के झाल्यावर.

विनेश फोगाटचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला काळ विसरतात. ऑगस्ट 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत तिचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ती झाली ऑगस्ट 2018 मध्ये, जकार्तात. मध्ये दोन वर्षं गेली.

माळिश, गोळी, खुराक

ताज्या सुजेवर जोरात तेलमाळिश नको, हाड बसवून घेण्याची घाई तर अजिबात नको. आधी एक्स-रे किंवा एमआरआय. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू नका. गोळी दुखणं झाकते, फाटलेलं तसंच राहतं.

जेवणाबाबत दोन टोकं दिसतात. काही जण सराव बंद असूनही तोच दूध-तूप-बदामाचा खुराक चालू ठेवतात, काही जण वजनगट सुटेल म्हणून अर्धपोटी राहतात. दुसरं जास्त वाईट, कारण भरून यायला शरीराला प्रथिनं लागतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, मटकी, दही, चालत असतील तर अंडी. तूप थोडं कमी करा, ताट कमी करू नका.

मनाचं दुखणं अंगावर काढणं

चिडचिड, रडू येणं, आपण कुणीच राहिलो नाही असं वाटणं, हे दुखापतीत होतं. पैलवानाला होत नाही असं समजू नका. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, किंवा जगणं नको वाटतंय, तर बोला. सरकारची टेली-मानस ही मदत 14416 वर फुकट आणि चोवीस तास आहे. मराठीत बोलता येतं.

भीती दाबून मॅटवर उतरणं

पाय तयार झाल्यावरही जो डाव लागून तो गेला, त्या डावाची भीती राहते. ती दाबून खेळलात तर अंग आखडतं, आणि आखडलेल्या अंगाने पडणं धोक्याचं. मी अकराव्या महिन्यात ओसोतोगारी पुन्हा घेतली ती पायऱ्या करून. आधी एकट्याने उकेमी. मग गुडघ्यावर बसून पडणं. मग विश्वासाचा एक जोडीदार, जाड गादी, आणि डाव अर्ध्या वेगाने, मी "हं" म्हटल्यावरच. एका सरावात पाचच वेळा.

पहिल्या वेळी "हं" म्हणायला मला बराच वेळ लागला. जोडीदार माझं जॅकेट धरून गप्प उभा राहिला, त्याने घाई केली नाही. मग मी पडलो, हात गादीवर सपकन आपटला, गुडघा शांत होता. उठलो आणि पुन्हा कॉलर पुढे केली.