पाय अधू असताना संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा कसं फिरायचं

आमचं घर संभाजीनगरात, त्यामुळं दिवाळीपासून जानेवारीपर्यंत पाहुणे सुरूच असतात आणि सगळ्यांना अजिंठा-वेरूळ बघायचं असतं. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, मी कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि काठीवर चालतो, आईचे दोन्ही गुडघे झिजलेत, म्हणून पाहुण्यांत जो कुणी पायानं अधू असेल त्याला फिरवायचं काम माझ्याकडंच येतं. "काही नाही हो, थोड्याच पायऱ्या आहेत" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, त्यांनी त्या कधी मोजलेल्या नसतात.

आधी वार ठरवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे सगळेच सांगतात, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. सोमवारी अजिंठा बंद म्हणजे बाहेरून आलेला माणूस वेरूळकडं वळतो आणि सोमवार म्हणून लेण्यांजवळच्या घृष्णेश्वराच्या देवळात भाविकांची रांग असतेच, म्हणजे दोन्ही गर्दी एकाच रस्त्यावर. आपल्याला गर्दीत धक्का लागून चालत नाही. म्हणून बुधवार, गुरुवार नाहीतर शुक्रवार. श्रावणात वेरूळचं नावच काढू नका.

गाडी दिवसभरासाठी करा, शेअर जीप नको. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे म्हणून लोक आजीला एसटीत चढवतात, पण त्या पहिल्या उंच पायरीवरच गुडघ्याचं दिवसभराचं बळ संपतं. पाय ताठ राहत असेल तर पुढची सीट मागं सरकवून तिथं बसा. लॉजवर खोली तळमजल्याला आणि कमोडवाली, हे बुकिंगच्या आधी फोनवर विचारून घ्या.

शहरातलं सोपं आहे. पाणचक्की सपाट, अर्ध्या तासाचं काम. बीबी का मकबरा सकाळी करा, गेटपासून पाण्याच्या हौदाच्या कडेची वाट सरळ आहे, वर चौथऱ्यावर नाही चढलात तरी बघायचं ते खालूनच चांगलं दिसतं. दौलताबादचा किल्ला चांदमिनारापर्यंत, त्याच्या पुढं एक पाऊलही नाही. पुढं अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी रस्ता आहे, तिथं धडधाकट माणसंसुद्धा भिंत धरून चालतात.

वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर. एकूण ३४ लेणी आहेत आणि सगळी बघायचा हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना वेगळं पाठवून द्या. आपण १६ नंबर, म्हणजे कैलास. ते गेटसमोरच आहे आणि त्याचं अंगण बरंचसं सपाट. आत शिरताना समोर गजलक्ष्मी, मग ते दोन मोठे हत्ती, ध्वजस्तंभ, दक्षिणेच्या अंगाला कैलास हलवणारा रावण, हे सगळं खालूनच बघायचं. एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं मंदिर आहे ते, त्याच्या तळाशी उभं राहून मान वर केली की जे वाटतं ना, ते वरच्या मजल्यावर नाही वाटत. वरचा जिना चढायला अरुंद आणि उतरायला वाईट. मी एकदा चढलोय, परत जाणार नाही. जैन लेणी, म्हणजे ३० ते ३४, लांब आहेत, तिकडं लेण्यांच्या आवारातली गाडी मिळाली तरच जा. घृष्णेश्वराला जायचं तर रांगेत किती वेळ उभं राहावं लागेल ते आधी कुणालातरी पुढं पाठवून बघून या.

आता अजिंठा. इथं माझं चुकलं होतं, म्हणून हे नीट वाचा.

सिल्लोडमार्गे १०० किलोमीटर जायचं, म्हणजे पोचेपर्यंतच पाय आखडलेले असतात, वाटेत दोनदा उतरून पाय मोकळे करा. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते, तिथून दुकानांमधून चालत जाऊन लेण्यांची बस धरायची, ती ४ किलोमीटरवर लेण्यांच्या पायथ्याशी सोडते. आणि तिथून पायऱ्या. लेणी वाघूर नदीच्या वळणावर कड्यात अर्ध्या उंचीवर आहेत, त्यामुळं पायऱ्या चुकत नाहीत. म्हणून डोली करायची. दोन दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि चार माणसं.

पहिल्या वेळी मी डोली फक्त चढायला केली. म्हणलं चढण अवघड, उतरायला काय, उतरता येईल. हीच चूक सगळे करतात आणि सल्ला देणारेही हेच सांगतात, "वर जाताना करा, येताना हळूहळू या." अहो, गुडघ्यावर जोर पडतो तो उतरताना! चढताना दम लागतो, थांबलं की दम परत येतो, पण उतरताना प्रत्येक पायरीला सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि थांबून ते कमी होत नाही. माझ्या काठीच्या टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, ते मी निघताना बघितलं नव्हतं. पायरीच्या कडेला काठी सरकली, मी कठड्यावर आदळलो, कॅलिपरची पट्टी मांडीत रुतली आणि मी अर्धा तास त्या पायरीवर बसून होतो, जाणारे-येणारे पाणी विचारत होते. शेवटी खालून डोली बोलवावी लागली. त्या दिवसापासून माझा नियम एकच, डोली करायची तर जाऊन-येऊन, नाहीतर अजिंठ्याला जायचंच नाही.

बसायच्या आधी उभ्या उभ्या सगळं बोलून घ्या. कुठपर्यंत नेणार, फक्त पायऱ्या की शेवटच्या लेण्यापर्यंत, प्रत्येक लेण्यापाशी थांबणार का, थांबण्याचे वेगळे पैसे का, आणि उतरायला हीच माणसं येणार का. एका माणसाशी बोलणं करून चालत नाही, चौघांच्या समोर आकडा बोला. खुर्ची हलवून बघा, दोऱ्या बघा. काठी मांडीवर आडवी धरा, बाजूला लटकवू नका, डोलीवाल्याच्या पायात येते. उतरताना मी खुर्ची उलटी धरायला सांगतो, म्हणजे माझं तोंड वरच्या पायऱ्यांकडं राहतं आणि पाठ टेकलेली राहते, पुढं घसरायची भीती जाते.

आणि म्हाताऱ्या माणसाला डोलीत बसवणं ही वेगळीच गोष्ट आहे. माझी आई पायथ्याशी खाली बसली आणि म्हणाली, "चौघांच्या खांद्यावर जायला मी अजून मेले नाही." मी काय बोलणार यावर. शेवटी डोलीवाल्यातला एक वयस्कर माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, पंढरीला देव पालखीत जातो का नाही?" तेव्हा ती उठली. तुमच्या घरात असं होणारच, तर घरूनच बोलून घ्या, तिथं पायथ्याशी समजवायला बसू नका, आणि हसू तर अजिबात नका. स्वतः चालणारं माणूस असाल तरी त्यांच्या बाजूनं चाला, पुढं पळू नका.

वर गेल्यावर सगळी ३० लेणी बघायची नाहीत. १, २, १६, १७, बहुतेक चित्रं इथंच आहेत, आणि डोली थांबत असेल तर २६, तिथं महापरिनिर्वाणातला झोपलेला बुद्ध आहे. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात. माझ्यासारखा ज्याचा कॅलिपर बुटातच बसवलेला आहे त्यानं काय करायचं? पहिल्यांदा मला दारावरच अडवलं, मी बूट काढला तर उभाच राहू शकत नाही हे सांगून पटेना. आता मी दोन स्वच्छ कापडी पिशव्या नेतो, बुटावर चढवून दोरीनं बांधतो, आणि आत शिरायच्या आधीच पहारेकऱ्याला पाय दाखवून शांतपणे विचारतो. दरवेळी आत गेलोय. अनवाणी जाणाऱ्यांनी मोजे ठेवा, दुपारी काळा दगड चांगला तापतो. आत अंधार, उंबरे उंच, बाहेरच्या उन्हातून गेल्यावर डोळ्याला काही दिसत नाही. दारात उभे राहा, डोळे निवले की मगच पाय टाका.

जिथं कुठं दोन-चार पायऱ्या स्वतः चढाव्याच लागतील तिथं एक लक्षात ठेवा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, काठी अधू पायाबरोबर. आईला हे पाठ व्हायला दोन ट्रिपा लागल्या.

दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका. फारतर संध्याकाळी पाणचक्की. आणि काठीचं रबर निघायच्या आदल्या दिवशी उलटं करून बघा, तळाच्या रेघा पुसल्या असतील तर मेडिकलवरून नवीन आणा, काठी बरोबर नेऊन मापाचं, सैल बसलेलं चालत नाही.