टर्बो रोटरी इंजिनाचे पोर्टिंग किती करावे?

माझदा आरएक्स-७च्या तिसऱ्या पिढीतील १३०८ सीसीचे, दोन टर्बोंचे १३बी-आरईडब्ल्यू इंजिन पुनर्बांधणीसाठी उघडले, की पोर्ट (मिश्रण आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी तोंडे) किती वाढवायचे हे ग्राइंडर हाती घेण्यापूर्वीच ठरवावे. कापलेला धातू परत बसवता येत नाही. रोटरीत पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो आणि तोच पोर्ट उघडतो-झाकतो; व्हॉल्व्ह नसल्याने पोर्टची कडा कुठे आहे, यावरच तो कधी उघडणार आणि कधी मिटणार हे अवलंबून असते.

रोजच्या वापरातील गाडीला माफक स्ट्रीट पोर्ट, म्हणजे मूळ पोर्ट थोडा मोठा करणे, पुरतो. बाजूच्या प्लेटवरील इनटेक पोर्टची मिटण्याची कडा थोडी पुढे सरकवावी. मात्र आतल्या बाजूस ऑइल सीलच्या मार्गात शिरू नये आणि कॉर्नर सीलला (रोटरच्या कोपऱ्यातील सीलला) आधार उरेल इतका धातू राखावा. त्यासाठी टेम्प्लेट ठेवून स्क्राइबरने रेघ आखावी आणि रेघेच्या अलीकडेच थांबावे. ब्रिज पोर्टने, म्हणजे मूळ पोर्टशेजारी धातूची अरुंद पट्टी राखून कापलेल्या जादा तोंडाने, ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट पोर्ट एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) फार वाढतो. टर्बोमुळे एक्झॉस्टमधील दाब बूस्टपेक्षा (टर्बोने इनटेकमध्ये चढवलेल्या दाबापेक्षा) जास्त असेल, तर जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, शिवाय आयडलिंग बिघडते ते वेगळेच. शर्यतीखेरीज ब्रिज पोर्टच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा वेळ एक्झॉस्ट पोर्टवर द्यावा. त्याची उघडण्याची कडा अलीकडे आणल्यास गरम वायू टर्बाइनपर्यंत लवकर पोहोचतो; मिटण्याची कडा मात्र शक्यतो हलवू नये, कारण तिथे ओव्हरलॅप वाढतो. कापताना मागच्या पाण्याच्या मार्गाचे भान ठेवावे. कडेला हलका उतार देऊन ती गुळगुळीत करावी, म्हणजे एपेक्स सील (रोटरच्या टोकावरील पट्टी) अडकणार नाही, आणि रोटरभोवतीच्या दोन्ही हाउसिंगचे (कवचांचे) एक्झॉस्ट पोर्ट एकाच टेम्प्लेटने पडताळून घ्यावेत.